वस्त्रगाळ वंगण



या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व विषय येऊन जातात. आम्ही आज बोलणार आहोत ते इंजिनातून काढलेल्या काळ्या तेलाविषयी. ज्याच्या घरी स्कूटर, रिक्षा, टेम्पो किंवा विहिरीवरचे डिझेल इंजिन आहे, त्याने हे तेल पाहिलेले आहे. आणि ते बदलताना त्याच्या मनात एक विचार हटकून येतो, की हे गाळून पुन्हा घातले तर काय बिघडेल? पुष्कळ जण तसे करतातही. डबा आठ-पंधरा दिवस कोपऱ्यात निवळत ठेवावयाचा, वरचे तेल जुन्या धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळावयाचे, आणि आणखी एक हंगाम काढावयाचा.

काटकसरीची थट्टा करणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. रोजच्या कमाईतून गाडीचा हप्ता, खोलीचे भाडे आणि मुलांची फी भागवणाऱ्याला तेलाच्या किमतीचा विचार करावाच लागतो. शिवाय या रिवाजाला एके काळी चांगला आधार होता, हेही सांगितले पाहिजे. पूर्वी इंजिनात घालावयाचे वंगण म्हणजे निव्वळ खनिज तेल असे. त्यात काजळी पडली की तिचे गोळे होत आणि ते तळाशी बसत. असे तेल निवळल्यावर खरोखरच बरेच स्वच्छ होई. आपल्या आजोबांनी केले ते त्यांच्या तेलापुरते बरोबरच होते.

पुढे तेलच बदलले. १९३० नंतरच्या दोन-तीन दशकांत त्यात निरनिराळी रसायने मिसळू लागले. त्यांपैकी काहींचे कामच असे, की काजळीच्या प्रत्येक कणाला वेगळे धरून ठेवावयाचे, त्याचा गोळा होऊ द्यावयाचा नाही, म्हणजे मळ इंजिनात कोठे चिकटून न बसता तेलाबरोबर बाहेर येईल. तेव्हा चांगले तेल काळे पडते ते आपले काम करीत असते म्हणून. आणि याच कारणाने डबा महिनाभर ठेवला तरी ती काजळी खाली बसत नाही. जे रसायन इंजिनाला तारते, तेच आपल्या निवळण्याला हरवते!

आता फडक्याकडे वळू. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, आणि साध्या फडक्याच्या विणीतली भोके त्याच्याच आसपासची. काजळीचा कण एका मायक्रॉनहूनही बारीक. पण खरा वैरी काजळी नव्हे. तो म्हणजे रस्त्यावरच्या धुळीचा आणि झिजलेल्या धातूचा पाच-दहा मायक्रॉनांचा कण. बेअरिंगवर पूर्ण भार आला असता तेलाचा थर काही मायक्रॉनांचाच उरतो, आणि त्याच मापाचा कण त्या थरात शिरून दोन्ही बाजूंना ओरखडे पाडतो. फडके अडवते ते डोळ्यांना दिसणारे. यंत्र खाते ते त्यातून सुखाने पार होते.

त्याशिवाय तेलात विरघळलेल्या गोष्टी आहेत. इंजिनात तयार झालेले आम्ल, सिलिंडरमधून उतरलेले पेट्रोल किंवा डिझेल, हे कितीही दाट फडक्यात अडकावयाचे नाही. खारे पाणी गाळून गोडे होत नाही, तसेच हे. आणि झीज थांबवण्यासाठी तेलात घातलेली जस्त-फॉस्फरसाची रसायने जी खर्ची पडली, ती गाळून परत येत नाहीत.

इथपर्यंत यंत्राचे झाले. आमचा संबंध यंत्रापेक्षा ते चालवणाऱ्या हातांशी अधिक. इंग्लंडात लँकेशायरच्या सूतगिरण्यांत म्यूल नावाची कातण्याची यंत्रे असत. त्यांच्या चात्यांना खनिज तेल लागे, आणि कातणारा कामगार दिवसभर ओणवा होऊन काम करी, तेव्हा ते तेल त्याच्या विजारीत मुरे. वर्षानुवर्षे असे झाल्यावर पुष्कळांना अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग झाला. १९२२ साली मँचेस्टरच्या साउथॅम आणि विल्सन या डॉक्टरांनी ही गोष्ट छापून जगापुढे मांडली. म्यूलवर केवळ नीट शुद्ध केलेले तेलच वापरावे असा नियम व्हावयास १९५३ साल उजाडले. मधली ३१ वर्षे त्या कामगारांच्या कातडीने मोजली, असे आम्ही म्हणतो. लक्षात घ्यावयाचे ते हे, की ते तेल काळेकुट्ट नव्हते, गिरणीत वापरण्याजोगे होते. विष त्यात विरघळलेले होते.

पेट्रोल इंजिनाच्या वापरलेल्या तेलात जळणातून आलेली तसलीच द्रव्ये साठत जातात. उंदरांच्या त्वचेवर असे तेल लावल्यास कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८४ मध्ये नोंदवले आहे. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातही खनिज तेलाने होणाऱ्या त्वचारोगाची नोंद व्यावसायिक रोगांत झाली होती. पण गॅरेजातला पोऱ्या कोपरापर्यंत काळा होऊन तेच तेल हाताळतो, पेट्रोलने हात धुतो, आणि तेलाने भिजलेला बोळा विजारीच्या खिशात कोंबतो. त्याच्यासाठी कोणते परिशिष्ट उघडावयाचे? मालकाला आमचे सांगणे असते, की हातमोजे आणि साबण यांचा खर्च पोऱ्याच्या पगारातून नव्हे, तुमच्या नफ्यातून व्हावयाचा.

घरच्या चुलीवर हे तेल तापवून त्यातले पाणी उडवण्याचा उद्योगही काही मंडळी करतात. त्यांनी तो आजच थांबवावा. तळाशी पाणी असले तर तेल फसफसून उतू जाते, आणि आत मुरलेल्या पेट्रोलची वाफ ज्योत शोधतच असते. गंधकाचे आम्ल आणि माती घालून तेल उजळण्याची जुनी रीत तर कारखान्यांतही मागे पडली. तिच्यातून उरणाऱ्या आम्लयुक्त डांबराचे काय करावे, हा प्रश्न सुटेना.

मग हे तेल फुकट घालवावयाचे काय? मुळीच नाही. कारखान्यात त्यातले पाणी व जळण काढून, निर्वात ऊर्ध्वपातन करून, पुढे माती किंवा हायड्रोजन यांनी शुद्ध करून, नवीन रसायने घातली म्हणजे ते पुन्हा उत्तम वंगण होते. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनःप्रक्रियेची जबाबदारी कायद्याने तेल बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर टाकली आहे. तेव्हा डबा गटारात न ओतता अधिकृत संकलकाकडे जाईल, अशा ठिकाणीच द्यावा.

खरी काटकसर हवा गाळणारा फिल्टर साफ ठेवण्यात आहे, कारण धूळ मुख्यतः तेथूनच शिरते. तेल बदलण्याची घाई आहे काय हे पाहावयाचे असेल तर एक थेंब टीपकागदावर सोडून रात्रभर ठेवावा. डाग पसरून फिकट होत गेला, तर तेल अजून मळ धरू शकते. मधोमध काळा ठिपका आणि भोवती कोरडी कड दिसली, तर दम संपला. ही परीक्षा सर्व दोष सांगत नाही, पण तिला पैसा लागत नाही.

एक शंका सभेनंतर हटकून विचारली जाते, ती आताच घेतो : गाळलेले तेल फाटकाच्या बिजागरीला, बैलगाडीच्या आसाला चालेल काय? बिजागरीला चालेल, मात्र ते हाताने न लावता काडीला चिंधी गुंडाळून लावावे, आणि ती चिंधी मुलांच्या हाती लागू देऊ नये. आणि नव्या तेलाचा रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्याला खिळ्याने दोन भोके पाडावीत, म्हणजे त्यात हेच गाळलेले तेल भरून कोणी दुसऱ्या रिक्षावाल्याला नवे म्हणून विकणार नाही.