योगवर्गाची वेबसाइट

योगवर्गाची किंवा पंचकर्म केंद्राची वेबसाइट लोक बहुतेक मोबाइलवरच उघडतात. तिथं वरच हवेत पत्ता, वेळा, फी आणि बोट लावताच लागणारा फोन नंबर. फी तर लपवूच नका. विचारायला संकोचणारा माणूस सरळ दुसरीकडे जातो. सूर्योदयासमोरच्या पद्मासनाचं ते विकतचं छायाचित्र (सगळीकडे तेच असतं!) काढून टाका, आपल्याच वर्गाचं लावा. गूगल नकाशावरची नोंद मोफत होते, तीही करून ठेवा.

मात्र ‘आमच्या काढ्यानं मधुमेह कायमचा बरा’ असलं लिहू नका. औषधं व जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्यानं अशा दाव्यांना मनाई आहे. त्यापेक्षा उपचार कोण करतं, त्यांचं शिक्षण काय, ते लिहा.