मी मॅच बघणं का सोडलं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांचा महिन्यापूर्वी फोन आला. "तू शाळेत असताना क्रिकेटचं चालतंबोलतं पंचांग होतास, तर तू क्रिकेटवर बोल." मी म्हटलं, "अरे, सात वर्षं झाली, मी एक मॅच पूर्ण पाहिली नाही." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "काय सांगतं बे! मंग त्याच्यावरच बोल." म्हणून उभा आहे. कंटाळा आला तर मागून खुणा करा, जेवण तयार आहे हे मलाही माहीत आहे.

आमच्या पिढीला क्रिकेट आधी कानांनी कळलं, डोळ्यांनी नंतर. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन, सुशील दोशींचं हिंदी. ट्रान्झिस्टरची खरखर वाढली की आम्ही तो उचलून खिडकीत नेत असू. माझ्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानांवर गणितं कधीच नव्हती, धावफलक होते. एकदा सरांनी वही हिसकावून घेतली. आता मार बसणार म्हणून मी हात पुढे केला. सरांनी पान नीट पाहिलं आणि म्हणाले, "अवांतर धावा धरल्या नाहीस. बेरीज चुकली." वही परत दिली. ते सर आज समोर बसले आहेत. सर, तेव्हापासून मी अवांतर धावा विसरलो नाही.

१९८७ चा वर्ल्ड कप आठवा. आपण दहावीत होतो, दिवाळीच्या सुट्या होत्या, आणि मी नागपूरला धंतोलीत मामांकडे गेलो होतो. मामांनी कुठून तरी दोन तिकिटं मिळवली. ३१ ऑक्टोबर, शनिवार, सिव्हिल लाइन्सचं जुनं व्हीसीए मैदान, भारत विरुद्ध न्यूझीलंड. चेतन शर्माने रदरफर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांना ओळीने तीन चेंडूंवर त्रिफळाचीत केलं. वर्ल्ड कपमधली ती पहिली हॅटट्रिक. मग अंगात ताप असलेला गावसकर उतरला. एकदिवसीय सामन्यांत तोवर त्याच्या नावावर एकही शतक नव्हतं. त्या दिवशी त्याने ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या. २२१ धावा आपण ३२.१ षटकांत ओलांडल्या. शेजारी बसलेले एक अनोळखी आजोबा माझा खांदा धरून रडत होते. मी पंधरा वर्षांचा, मला त्यांचं हसू आलं. आज येत नाही.

त्या दिवसाची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मैदानात हजारो लोक होतो, आणि पुढच्या चेंडूला काय होणार हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. गावसकरलाही नव्हतं. त्या एका गोष्टीसाठी आम्ही उन्हात बसलो होतो.

आता तेरा वर्षं पुढे चला. १९ मार्च २०००, रविवार. तेच मैदान. मी अकोल्यात कृषी केंद्र टाकून तीन वर्षं झाली होती. मी अकोल्याहून गाडीत बसलो, माझा बाकावरचा शेजारी बडनेऱ्याला चढला. (तो तिसऱ्या रांगेत आहे. हात वर करू नको, सगळे ओळखतात.) भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका, मालिकेतला पाचवा सामना. मालिका आपण आधीच जिंकलेली, त्यामुळे मन मोकळं. त्यांच्या हर्शेल गिब्जने धू धू धुतलं, ७४ केल्या. त्यांच्या ३२० झाल्या. आपणही शर्थ केली, १० धावांनी हरलो. त्या दिवशी होळी होती. परतताना गाडीच्या खिडकीतून धामणगाव, चांदूरकडच्या गावांतल्या होळ्या पेटलेल्या दिसत होत्या आणि आम्ही दोघं सगळी मॅच पुन्हा खेळत होतो. हरलो तरी असा दिवस वर्षातून एखादाच येतो.

तीन आठवड्यांत दिल्ली पोलिसांनी हॅन्सी क्रोनिएच्या टेलिफोन संभाषणांची बातमी फोडली. जूनमध्ये केपटाऊनला किंग आयोगापुढे साक्षी झाल्या आणि त्यात आमची मॅच निघाली. गिब्जने सांगितलं, कर्णधाराने मला नागपूरला २० पेक्षा कमी धावा करण्यासाठी १५,००० डॉलर देऊ केले होते आणि मी हो म्हटलं होतं. हेन्री विल्यम्स नावाच्या गोलंदाजाने ५० च्या वर धावा द्यायच्या, असंही ठरलं होतं. त्याचा खांदा दुखावला आणि तो दुसरं षटकही पूर्ण न करता बाहेर गेला. गिब्जने तर ७४ केल्या. म्हणजे ठरलेलं काहीच घडलं नाही.

मित्राचा बडनेऱ्याहून फोन आला. "मंग आपल्याले फसवलं कुठी? मॅच तं खरीच झाली!" तर्काने तो बरोबर होता. अजूनही आमचा हा वाद चालू आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्या दिवशी मी पाहत असलेल्या खेळाचा एक आकडा आधीपासून कोणाच्या तरी खिशात होता. तो खरा ठरला नाही, हा योगायोग. तेव्हापासून कोणाचा सोपा झेल सुटला की मन हळहळायच्या आधी विचारायचं, हा सुटला की सोडला? ज्याच्या मनात हा प्रश्न येतो, त्याला मॅच बघता येत नाही. तो पोलिसासारखा बसतो.

तरी मी लगेच सोडलं नाही. सवय अशी सुटत नाही. २००७ चा विसाव्या षटकांचा वर्ल्ड कप पाहिला, २०११ ला वानखेडेवर धोनीने षटकार मारला तेव्हा दुकानासमोर पेढे वाटले. २००८ पासून आयपीएलही पाहायचो. २०१३ ला पुन्हा अटका झाल्या, पुढे पदाधिकाऱ्यांच्या सट्टेबाजीवरून दोन संघ दोन वर्षं निलंबित झाले, तेही वाचलं आणि पान उलटलं.

आपल्या वर्गात प्रत्येकाचं सोडण्याचं कारण वेगळं आहे, हे काल रात्रीच्या गप्पांत कळलं. एकीने २०१६ च्या दुष्काळात सोडलं, जेव्हा पाण्यावरून उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. एकजण म्हणतो, पूर्वी एक मालिका संपली की दुसरीची वाट बघावी लागायची, आता एका मोसमात ७४ मॅच, वाट बघायला फुरसतच नाही. प्रक्षेपणाचे हक्क पाच वर्षांसाठी ४८,३९० कोटींना गेले, ते पैसे जाहिरातींतूनच वसूल व्हायचे. खरं आहे. पण पैशाला मी नावं ठेवणार नाही. खेळाडूला पैसा मिळावाच. आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा किंवा अकोल्याचा अथर्व तायडे यांच्यासारख्या पोरांना क्रिकेटवर घर चालवता येतं, हे चांगलंच आहे.

शिकागोहून आलेल्या आपल्या मित्राने आणखी एक गोष्ट सांगितली. तिकडे त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्याने बेसबॉल १९९४ ला सोडला. त्या वर्षी खेळाडूंच्या संपामुळे त्यांची वर्ल्ड सिरीज झालीच नाही. लोकांना खेळ लांबतो म्हणून कंटाळा येतो, असं समजून २०२३ पासून त्यांनी चेंडू फेकायला घड्याळ लावलं, खेळ लवकर संपू लागला. म्हातारा काही परत आला नाही. गंमत म्हणजे शिकागोच्याच ८ खेळाडूंनी १९१९ ची वर्ल्ड सिरीज पैसे घेऊन हरल्याचा ठपका आला होता. कोर्टात सुटले, पण कायमचे खेळाबाहेर गेले. त्या शहरात ती गोष्ट शंभर वर्षांनंतरही निघते. नागपूरच्या मॅचची गोष्ट आपल्याकडे किती जणांना आठवते?

आता माझ्या दुकानाची गोष्ट, जी मी आजवर फार कोणाला सांगितलेली नाही.

उन्हाळ्यात कृषी केंद्रात गिऱ्हाईक कमी. माणसं बसावीत म्हणून मी दुकानात टीव्ही लावला होता. संध्याकाळी आसपासची पाच-सात पोरं जमायची, मी चहा सांगायचो. २०१८ चा मोसम. एका संध्याकाळी मुंबईची बॅटिंग होती आणि पोरं मुंबईच्या चौकाराला ओरडत होती. सहा षटकं झाली, पुढे मुंबईची विकेट पडली, तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. पुढचा डाव सुरू झाला तर समोरच्या संघाच्या चौकारालाही तेच ओरडणं. मी विचारलं, "कोनाच्या बाजूनं आहात रे पोट्टेहो?" एकजण हसून म्हणाला, "काका, मॅच कोनीबी जिंको. सा ओव्हरमंदी पन्नास व्हाले पाह्यजेत."

मी एवढा भोळा नव्हतो. सट्टा काय असतो हे अकोल्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. आपल्या कापसाच्या मुलखाचं त्याच्याशी जुनं नातं आहे. मुंबईत आकड्याचा जुगार सुरू झाला तो न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या भावांवर. उघडता भाव काय, बंद होता काय, यावर लोक पैसे लावत. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं, तर मडक्यातून चिठ्ठ्या काढू लागले, म्हणून मटका. म्हणजे कापूस पिकवणारे आपण, आणि त्याच्या भावावर खेळणारे वेगळेच. आता 'सेशन'चा आकडा आणि मोबाइलवर 'आयडी', एवढाच फरक. पण हे सगळं माझ्याच दुकानात, माझ्या टीव्हीवर, माझा चहा पीत चाललं आहे, हे मात्र मला त्या संध्याकाळपर्यंत दिसलं नव्हतं. किंवा मी पाहिलं नव्हतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्यातल्या एका पोराचे वडील आले. जुनं गिऱ्हाईक, बियाणं कायम रोखीने नेणारे. २०१७ ला बोंडअळीने त्यांचाही कापूस खाल्ला होता, आणि त्या नुकसानीचं सरकारी अनुदान नुकतंच खात्यात जमा झालं होतं, हे मला ठाऊक होतं. काउंटरला हात टेकून ते म्हणाले, "भाऊ, यंदा बियानं उधार द्या लागते." मी कारण विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. खात्याचा मोबाइल पोराजवळ असे. मोसम संपेपर्यंत त्यातले सगळे गेले, वर तीन जणांचं देणं. पोरगा घर सोडून गेला होता. "तुमच्या दुकानात मॅच पाह्याले येत होता ना?" त्यांनी सहज विचारलं. सहजच. टोमणा नव्हता, त्यांना खरोखर तो कुठे असेल याचा माग काढायचा होता.

पोरगा बारा दिवसांनी सुरतहून परत आला. आज तो नीट आहे, बापाबरोबर शेती करतो. बियाण्याची उधारी त्यांनी दोन वर्षांत फेडली, मी नको म्हणत असतानाही. टीव्ही मी त्याच रात्री उतरवला. गोदामात खोक्यात आहे.

लोक मला म्हणतात, टीव्हीचा काय दोष? दोष नाहीच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा झाला, तो चांगलाच आहे. चोरून चालणारा सट्टा तर आधीही बेकायदाच होता. पण त्या पोरांकडे पाहून मला नागपूर आठवलं. तिथे आकडा कर्णधाराच्या खिशात होता, इथे आमच्याच पोरांच्या. ती पोरं खेळ बघतच नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या शेजारी बसून मीही बघत नव्हतो, मी झेल सुटायची वाट पाहत होतो.

या सगळ्यात माझ्याकडून एक मोठी गोष्ट निसटली. १९५७-५८ पासून रणजी खेळणारा आपला विदर्भ १ जानेवारी २०१८ ला इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकला. गुरबानीने फायनलमध्ये हॅटट्रिक घेतली. ज्या माणसाने वहीच्या मागे धावफलक लिहिले, त्याला ही बातमी दुसऱ्या दिवशी पेपरात कळली. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकले, तेव्हाही मी दुकानातच होतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत बडनेऱ्याचा फोन आला. "केरळासंगं फायनल हाये. चालतं का बे जामठ्याले?" तिसऱ्या दिवशी गेलो. एवढं मोठं स्टेडियम आणि माणसं विखुरलेली, दोघांना हव्या त्या खुर्च्या. विदर्भाच्या ३७९, त्यात दानिश मालेवारच्या १५३. केरळचा कर्णधार सचिन बेबी किल्ला लढवत होता. ९८ वर असताना त्याने उंच फटका मारला आणि झेल गेला. क्षणभर आमच्या ओळीत कोणी ओरडलंच नाही. विकेट आपल्याला हवी होती, पण शतकाच्या दोन धावा अलीकडे बाद झालेल्या माणसाचं सगळ्यांनाच वाईट वाटलं. मग टाळ्या. केरळ ३४२ वर संपलं, ३७ धावांची आघाडी मिळाली, आणि सामना अनिर्णित राहून तेवढ्यावर तिसऱ्यांदा करंडक आपल्याकडे आला. तो झेल पाहताना मला 'सुटतो की सोडतो' आठवलं नाही. हे मला परतीच्या एसटीत, तळेगावच्या आसपास लक्षात आलं. मित्राला सांगितलं नाही. आज ऐकतोच आहे.

याचा अर्थ मी पुन्हा मॅच बघू लागलो असं नाही. २०२५ च्या जूनमध्ये जितेशचा संघ आयपीएल जिंकला तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्या गावचा पोरगा आहे, निदान आज तरी या." मी दारात उभा राहून शेवटची दोन षटकं पाहिली. बसलो नाही.

बरं, उद्या सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर 'अ' विरुद्ध 'ब' तुकडी. टेनिस बॉल, बारा ओव्हरा, गुडघे ज्याचे त्याने सांभाळायचे. मी खेळणार नाही, धावफलक लिहिणार आहे. वही आणली आहे. सर, बेरीज तपासायला तुम्ही बाजूला बसा.