हातात जोर नाही, म्हणे!

(महिला कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



उद्या सकाळी आपण कातळावर जाणार आहोत. काल जेवताना तुमच्यापैकी तिघीचौघींनी मला विचारलं, "ताई, आमच्या हातात तेवढा जोर आहे का?" म्हणून आज फक्त हातांबद्दल बोलते.

पहिल्यांदा प्रस्तरारोहण शिकायला गेले तेव्हा मीही हाच प्रश्न घेऊन गेले होते. शिकवणाऱ्यांनी उत्तर देऊन टाकलं, "बायकांचे हात नाजूक. तुम्ही खाली डबे सांभाळा." मी इरेला पेटले. प्रत्येक खाच जीव खाऊन आवळली. दहा फुटांवर हातात गोळे आले, बोटं आपोआप उघडली आणि मी दोरावर लोंबकळले. सगळे हसले. मलाही वाटलं, खरंच जोर नाही. चूक जोराची नव्हती, पकडीची होती, हे फार उशिरा कळलं.

बोटं वळवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात, कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात. फार आवळून धरलं की तिथला रक्तपुरवठा दबतो आणि हात दगडासारखा होतो. म्हणून पहिला नियम असा, की निसटणार नाही इतकंच धरायचं. हात शक्यतो सरळ, वजन पायांवर. चढतात पाय, हात तोल सांभाळतात.

आता पकडी. मोठी, खोल खाच मिळाली तर चारही बोटं आत घालून निवांत लटकायचं. गोलसर, उतरत्या दगडावर बोटं वाकवायची नाहीत. भाकरी थापताना पसरतो तसा तळवा पसरायचा आणि अंग खाली ठेवायचं. तिथे घर्षणच आपल्याला धरतं. उभा कंगोरा असेल तर एका बाजूने अंगठा, दुसऱ्या बाजूने बोटं, सांडशीसारखं. भेग असेल तर हात सरळ आत घालायचा, अंगठा तळव्याकडे दुमडायचा. हात आत फुगतो आणि पाचरीसारखा अडकतो.

अरुंद कंगोऱ्यावर मात्र जपून. तिथे बोटं मधल्या पेरात वाकवून टोकं टेकवतात, आणि अनुभवी लोक वरून अंगठाही दाबतात. बोटातल्या कंडरा हाडाशी धरून ठेवणारे चिवट पट्टे असतात, त्यांच्यावर यात प्रचंड ताण येतो. स्नायू लवकर तयार होतात, कंडरा आणि पट्टे सावकाश. मी ईर्ष्येपोटी ही पकड पहिल्याच वर्षी वापरली. अनामिकेत कट्‌कन आवाज झाला आणि तीन महिने पोळी लाटता आली नाही. तुम्ही अंगठा लावू नका.

आपल्या सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा, बऱ्याच जागी सुटा. धरण्याआधी हाताने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर सोडून द्या. भार खालच्या दिशेने टाका, दगड बाहेर ओढू नका.

लहान हातांचं म्हणाल तर अमेरिकेतल्या एल कॅपिटन या कड्यावर सुमारे तीन हजार फुटांची 'नोज' नावाची वाट आहे. दोर फक्त पडल्यास सावरायला ठेवून, केवळ हातापायांच्या बळावर ती प्रथम चढली एक स्त्री, लिन हिल, 1993 साली. तोवर कोणाही पुरुषाला ते जमलं नव्हतं. 1994 मध्ये तिने तीच वाट एका दिवसाच्या आत पुन्हा केली. जिथे जाड बोटं शिरत नाहीत अशा बारीक भेगांत तिची बोटं शिरत. अर्थात त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव होता.

शेवटचं. उद्या अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र काढावं लागेल. अंगठी अडकली आणि त्यावर अंगाचा भार आला, तर बोट सोलून निघतं. मागच्या शिबिरात एकजण म्हणाली, "लग्नापासून बांगड्या कधी उतरवल्या नाहीत. सासूबाईंना कळलं तर?" मी तिला आग्रह केला नाही. एवढंच सांगितलं, की बांगड्या घालून मी कुणालाही दोर बांधणार नाही. रात्रभर ती जागी होती. सकाळी बांगड्या रुमालात बांधून माझ्या हातात देत म्हणाली, "संध्याकाळी मागून घेईन." चढली आणि संध्याकाळी मागूनही घेतल्या. दोन्ही निर्णय तिचेच होते.

सहा वाजता निघू. नखं कापून या.