घरपोच माल आणि ग्राहकाचा हक्क



आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी दुकानदार ओळखीचा असे. लुगड्याचा रंग गेला तर त्याच्या दुकानी जाऊन जाब विचारता येई. आज माल भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहून मागवावयाचा, विक्रेत्याचे तोंडही दिसावयाचे नाही. त्यामुळे खराब वस्तू पदरी पडली, की नशिबास बोल लावून गप्प बसण्याची वृत्ती आपल्या घरांत बळावत आहे. ती सोडावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. वस्तू केवळ मनास आली नाही, तर ती परत घेणे विक्रेत्याच्या अटींवर अवलंबून असते. परंतु ती सदोष, बनावट अथवा जाहिरातीतील वर्णनाहून निराळी निघाली, तर २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार विक्रेत्यास ती नाकारता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे, असा दंडक आहे.

तेथे दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर कळवावे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या कायद्यान्वये आपण राहतो त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत, तक्रार दाखल करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही. वकीलही अनिवार्य नाही. मात्र पावती, वेष्टन आणि छायाचित्रे जपून ठेवावीत.

रक्कम दोनशेची असो वा वीस हजारांची, ती कष्टाची आहे. ती परत मागण्यात संकोच कसला?