आधी वजन, मग ताडपत्री
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर एक दिवस बंद पडला तर खेपा बुडतात; कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. पक्की शेड परवडत नसेल तर हिवाळ्यापुरता ताडपत्रीचा तंबू उभारा. दवापासून यंत्र वाचेल, दुरुस्तीही आडोशाला होईल.

सगळे ताडपत्रीची किंमत विचारतात. मी विचारतो, तंबूला वजन किती बांधले? ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे २५ किलो भरतो. २० बाय १२ फुटांच्या छपराखाली तो शिरला तर साडेपाचशे किलोची ओढ बसू शकते. खुंट्या उपटून येतील! सहा लोखंडी खांब घ्या. प्रत्येकाला दीड फूट लांब-रुंद, दोन फूट खोल खड्डा करून काँक्रीट भरा. एका खड्ड्यात ३०० किलो वजन बसते.

उत्तरेची बाजू झाका, दक्षिण मोकळी ठेवा. हिवाळ्यात ऊन तिकडूनच येते. आढ्याखाली दोन्ही टोकांना फट ठेवा, नाहीतर जमिनीची ओल ताडपत्रीला आतून धरते आणि यंत्रावरच ठिबकते.

वेल्डिंग तंबूबाहेर करा. ठिणगीने ताडपत्री पेटते आणि शेजारीच डिझेल असते. थंडी वाजते म्हणून चारी बाजू बांधून आत इंजिन तर कधीच चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही; माणूस झोपेतच जातो.

तेव्हा गावी परतल्यावर आधी खड्डे खणा, मग ताडपत्री आणायला बाजारात जा.