समुद्रातल्या मासळीची मोजदाद

मंडळी, रानातली झाडं मोजता येतात. पाण्याखालची मासळी कशी मोजायची? ती बंदरावर मोजतात. १९४७ साली सरकारनं समुद्री मासळीच्या संशोधनाची संस्था काढली. तिची माणसं ठरल्या दिवशी बंदरावर येतात. किती होड्या आल्या, कुठली मासळी, वजन किती, हे टिपून घेतात. मासा पट्टीवर ठेवतात, पोट चिरून गाबोळी बघतात. पिल्लंच जास्त दिसली, तर मासा अंडी घालायच्या आधीच जाळ्यात येतोय असं समजावं. पापलेटाची पिल्लं बारीक आसाच्या डोलीत अशीच जातात. २०२३ साली महाराष्ट्रात ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरली.

कोणी म्हणतं, "कराचा माणूस आलाय, कमी सांगा." अहो, कर कसला! टोपली दाखवा. किती वावावर जाळं टाकलं तेही सांगा. तांडेलाशिवाय ते कुणाला ठाऊक?