ट्रॅक्टरच्या डोक्यावर तार नाही
(बंगळूर येथील कार्यकर्ता मेळाव्यातील भाषण)



आम्ही रेल्वेवाले, पण बरेचजण शेतकऱ्यांची मुले. विजेचा ट्रॅक्टर निघाला म्हटल्यावर गावचे भाऊबंद आम्हालाच विचारतात, घ्यावा का?

येथील कृष्णराजपुरम डिझेल शेडमध्ये आता विजेची इंजिनेही असतात, म्हणून उत्तर सोपे वाटते. पण आमच्या इंजिनाच्या डोक्यावर 25,000 व्होल्टची तार असते. ट्रॅक्टरला आपली वीज स्वतः वाहावी लागते. सोनालिकाने डिसेंबर 2020 मध्ये आणलेल्या टायगर इलेक्ट्रिकची बॅटरी 25.5 युनिटची. लिटरभर डिझेल जाळून इंजिनातून कामाला येतात जेमतेम तीन युनिट. म्हणजे अख्खी बॅटरी सुमारे आठ लिटर डिझेलच्या बरोबरीची. फवारणी, कोळपणी, हलकी ट्रॉली जमेल. दिवसभर खोल नांगरट नाही. घरी चार्जिंगला दहा तास, आणि शेतावर थ्री-फेज किती वेळ असते ते तुम्ही जाणताच!

फेब्रुवारी 2021 मध्ये दिल्लीत सीएनजीचा ट्रॅक्टरही दाखवला गेला. पण गॅसचा पंप शहरात आणि शेत कुठे?

तरीही हे बदल येणार. मग नोझल, पंप दुरुस्त करणाऱ्या गावच्या मेकॅनिकचे काय? वाफेची इंजिने गेली तेव्हा फायरमन साथींच्या मागे युनियन होती. गॅरेजातल्या पोरामागे कोण आहे? बॅटरी-मोटारीचे प्रशिक्षण त्याला आयटीआयमध्ये मोफत आणि आधी मिळाले पाहिजे, ही आमची मागणी.

अशा कामगारांची यादी आम्ही करीत आहोत. जाताना गावाकडची नावे टेबलावर लिहून द्या.